कोय कुणाची, ते आधी विचारा

रोपवाटिकेत आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "हापूस आहे का? केशर कितीला?" खुंट, म्हणजे कलमाच्या खालचं मुळाचं रोप, कशाचा आहे, हे विचारणारे आजवर दोघेच भेटले. एक शाळामास्तर होते. दुसऱ्यांची बाग आधीच एकदा फसलेली होती.

मीही सुरुवातीला तशीच होते. मे महिन्यात शहरातल्या एका रसवाल्याच्या मागच्या ढिगातून पोतंभर कोया आणायच्या आणि पेरायच्या. रोपं उगवली की एक गुडघ्याला, शेजारचं वितभर. वर एकाच झाडाची काडी, म्हणजे कलमाची फांदी, बांधली तरी पाच वर्षांनी ओळीतलं एक झाड घराएवढं व्हायचं आणि दुसरं खुरटायचं. गिऱ्हाईक मला बोलायचं, मी काडीला बोलायची.

डोळे उघडले भाच्यामुळं. तो हिमाचलातल्या पालमपूरला शिकायला होता. तिकडं नासपतीचं कलम कैंथ नावाच्या रानटी झाडाच्या रोपावर बांधतात. युरोपात ते क्विन्स नावाच्या, नासपतीच्या नात्यातल्या झाडावर बांधतात, म्हणजे झाड ठेंगणं राहतं आणि फळ लवकर धरतं. क्विन्सच्या फुटव्यांना मातीची भर देऊन मुळ्या फोडून घेतात, त्यामुळं हजार खुंट काढले तरी सगळे एकसारखे. बार्टलेटसारख्या जातीचं मात्र क्विन्सशी जमत नाही. मग दोघांच्या मध्ये तिसऱ्याच जातीचा तुकडा बसवायचा, जसं न पटणाऱ्या दोन घरांत मध्यस्थ. "आणि मामी, तुम्ही ढिगातली कोय लावता?" असं म्हणाला. राग आला, पण खरं होतं.

आंब्याच्या फांदीला सहजी मुळ्या फुटत नाहीत, म्हणून आपली सगळी मदार कोयीवर. हापूस, केशर आणि आपल्याकडचे बरेचसे रायवळ यांच्या कोयीतून एकच रोप येतं, ते आईबापांची सरमिसळ असतं. किनारपट्टीच्या काही जातींच्या कोयीतून मात्र दोन-तीन, कधी पाच कोंब येतात. त्यातले बहुतेक थेट आईच्या पेशींपासून झालेले, म्हणजे आईसारखेच. केरळातले ओलूर आणि कुरुक्कन तसेच. वेल्लैकोलंबन खुंटावर झाड आटोपशीर राहतं. इस्रायलनं १३-१ नावाचा खुंट निवडला तो चुनखडीच्या आणि खारवट जमिनीसाठी. कोयीचं टरफल कात्रीनं कापून बघा. आत गर एकसंध नसून लसणाच्या पाकळ्यांसारखे तुकडे दिसले, तर ती बहुअंकुरी.

आता काम. तुमच्या रानासारख्याच मातीत उभी असलेली पाच-सहा जुनी झाडं शोधा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातच गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळात पाचशेच्या आसपास. तिथला खुंट इथं चालेलच असं नाही. शेंड्याकडून वाळत आलेलं किंवा खोडातून डिंक गाळणारं झाड सोडा. फळाची गोडी बघू नका, ती काडीकडून येणार आहे. झाडांना नंबर द्या. फळ झाडाखालीच वेचा आणि कोयांच्या पिशवीवर तो नंबर लगेच लिहा, घरी जाऊन लिहीन म्हणू नका.

कोय सुकली की मेली. आठवड्याच्या आत राखेत चोळून धुवा, पाण्यात टाका, तरंगेल ती फेका. फुगीर पाठ वर करून गादीवाफ्यावर पेरा. टरफल काढलंत तर लवकर आणि सरळ उगवते. वाकड्या सोटमुळाचं, पांढरट पानाचं किंवा भावंडांत वेगळंच दिसणारं रोप उपटून टाका. इथं हात आखडता घ्यायचा नाही, मी अजून घेते. पानं तांबूस, कोवळी असताना, दहा-पंधरा दिवसांच्या रोपावर पाचर मारून कोय कलम करा. काडी तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली. हे हातकाम बघूनच शिकावं, लिहून येत नाही.

खरी परीक्षा पुढं. सगळ्या नंबरांवर एकाच झाडाची काडी बांधून प्रत्येकी पाच कलमं जमिनीत लावा. दर जूनला सांध्याच्या वितभर वर आणि वितभर खाली सुतळीनं घेर मोजा. दोन्हींत फार तफावत पडू लागली तर जोडी जमली नसावी अशी शंका घ्या. शिरोळच्या पाहुण्यांकडून खारवट रानातली चार पोती माती आणून काही रोपं मी त्यात वाढवली होती. पानांच्या कडा सगळ्यांत आधी करपल्या एक नंबरच्या.

दुसरी परीक्षा मी घेतली नाही, पंचगंगेनं घेतली. २०१९ च्या ऑगस्टात प्रयाग चिखलीच्या आमच्या रानात पाणी आलं. तीन वर्षांची कलमं छातीएवढी होती, त्यांच्या बुडात आठ दिवस गुडघाभर पाणी. तीन नंबरची चार मेली. चार नंबरची पाचही जगली आणि पाणी ओसरल्यावर बघते तर त्यांच्या खोडावर पाण्याच्या रेघेशी पांढरे, फुगीर दाणे. ती सालीची श्वासरंध्रं, बुडालेलं झाड त्यांच्यातून हवा घेतं. पाच झाडांवरून छातीठोक बोलता येत नाही. पण चार नंबरची कोय कापून बघितली, आत तीन पाकळ्या! सासरे म्हणतात, ते झाड त्यांच्या आजोबांनी गोव्याकडून आणलेल्या कोयीचं.

हे झाड आहे दिरांच्या बांधावर, त्याची सावली उसावर पडते आणि दरवर्षी दिवाळीनंतर ते तोडायचा विषय निघतो. म्हणून सांगते, खुंटासाठी झाड ठरलं की त्याचीच काडी घेऊन दोन-तीन कलमं स्वतःच्या हद्दीत लावून ठेवा. माझी तीन गोठ्यामागं आहेत. दिरांना अजून सांगितलेलं नाही.