भाजलेल्या रुग्णाचे पहिले तास : कोकणातील परिचारिकांसाठी

चुलीवरचे आंघोळीचे पाणी अंगावर सांडलेले मूल, पदर पेटलेली गृहिणी, होडीच्या इंजिनाने भाजलेला खलाशी, असे निरनिराळे रुग्ण कोकणातील ग्रामीण रुग्णालयात येतात. तरी जखमेआधी प्रत्येकाचा श्वास पाहावा. आवाज घोगरा असेल, नाकातले केस करपले असतील किंवा थुंकीत काजळी दिसत असेल, तर सुजेने श्वासमार्ग बंद होण्याचा धोका ओळखून ऑक्सिजन सुरू करावा व डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

भाजून ३ तास झाले नसतील, तर जखमेवर २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे, मात्र बर्फ लावू नये आणि उरलेले अंग ऊबदार ठेवावे. सूज चढण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात; सौभाग्यलेणे म्हणून नातेवाईक अडवतात, तेव्हा बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो हे त्यांना आपुलकीने समजवावे.

माझ्या मते सर्वांत जपावे ते सलाईनच्या हिशोबाला. पार्कलँड सूत्राप्रमाणे (४ मिली × किलोतील वजन × शरीराचा भाजलेला टक्का) ५० किलो वजनाच्या, ३० टक्के भाजलेल्या स्त्रीला २४ तासांत ६००० मिली रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे क्षारयुक्त द्रव) लागते आणि त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत द्यायचे असते. हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असल्याने, घाट उतरून येण्यात २ तास गेले असतील तर ३००० मिली उरलेल्या ६ तासांत बसवावे लागते. सूत्र हा केवळ आरंभ आहे. प्रौढाला तासाला किलोमागे किमान ०.५ मिली लघवी होते की नाही, यावरून डॉक्टरांच्या सल्ल्याने वेग बदलावा.

पुढे पाठवताना भाजल्याची वेळ आणि दिलेले द्रव चिठ्ठीवर ठळक लिहावे.