मारुती ८०० चं इंजिन बदलून राहिले असान तं वायरिंग बी सोबतच निपटवा

जुनी कार्ब्युरेटरवाली ८०० निळा धूर सोडून राहिली, ऑइल पिऊन राहिली आणि मिस्त्री म्हणते बोअर करा, पिस्टन-रिंग टाका, तं आधी हिशोब लावून पहा. तीन सिलिंडरचं बोअर, पिस्टन, हेडचं काम, गॅस्केट किट, वरून लेथवाल्याची मजुरी. बरेचदा याच्यापेक्षा स्क्रॅपमध्ये निघालेल्या गाडीचं चांगलं इंजिन घेऊन बसवणं स्वस्त पडते. दोन माणसं आणि एक चेनपुली असली की इंजिन बसून जाते, त्याच्यात काही रॉकेट सायन्स नाही. खरा घोळ वायरिंगमध्ये आहे, कारण वीस-पंचवीस वर्षांत ज्या ज्या इलेक्ट्रिशियननं हात लावला त्यानं एक एक जोड मारून ठेवली असते, आणि नवीन इंजिन त्याच सडक्या वायरींवर टाकलं की मंग गाडी भर दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकात बंद पडते आणि शिव्या इंजिनला बसतात.

कागदाचं आधी पहा, नंतर नाही. आरसीवर इंजिन नंबर असते, तो बदलणार, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी आधी घ्या लागते, आणि इंजिन त्याच मेकचं त्याच टाइपचं पाह्यजे. तुमची गाडी एमएच-३१ ची असो का एमएच-४९ ची, आपापल्या ऑफिसात जाऊन विचारा, एजंटच्या भरोशावर राहू नका. इंजिन विकणाऱ्याकडून पक्कं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स घ्याच. ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशनं साफ करून, कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची प्रिंट काढा आणि झेरॉक्सशी जुळवा. नंबर घासलेला दिसला तं इंजिन कितीही झकास असो, तिथून निघा. इन्शुरन्सवाल्याला बी नवा नंबर कळवा, नाही तं क्लेमच्या वेळी तेच कारण सांगतीन.

आता कोणतं इंजिन घ्यायचं. माझं मत सरळ आहे, कार्बच्या जागी कार्बच, तेच ७९६ सीसीचं एफ८बी. पोट्टे म्हणतात एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं इंजिन) टाकू, अरे पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), सगळे सेन्सर, टाकीत इलेक्ट्रिक पंप, हाय प्रेशरची पेट्रोल लाइन, रिटर्न लाइन, सगळंच बदला लागते. त्याच्यापेक्षा एमपीएफआयवाली ८००च घेऊन टाका ना भाऊ. ओम्नीचं इंजिन बी ७९६ सीसीचंच आहे म्हणून कोणी गळ्यात मारन, पण ओम्नीत ते उभं बसते आणि मागची चाकं फिरवते, ८०० मध्ये आडवं बसते आणि पुढची फिरवते. सरळ बसत नाही ते.

घ्यायच्या आधी ऑइलचं झाकण उघडून पहा, आत दुधाळ साय दिसली तं पाणी ऑइलमध्ये जाऊन राहिलं. तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजा, सिलिंडर-सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको. कॉम्प्रेशन गेज नाही म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगा की मी घेऊन येतो.

जुनं इंजिन काढतानी बॅटरीची निगेटिव्ह सर्वात आधी सोडा. मंग मास्किंग टेप आणि पेन घ्या आणि प्रत्येक वायर सोडायच्या आधी तिच्यावर चिठ्ठी लावा, मोबाइलवर फोटो बी काढा, पण फोटोच्याच भरोशावर राहू नका, ग्रीस लागलेल्या वायरी फोटोत सगळ्या काळ्याच दिसतात. कार्बवाल्या इंजिनाला वायरी तशा कमीच असतात: कॉइल, अल्टरनेटर, स्टार्टर, ऑइल प्रेशर स्विच, टेम्परेचर सेन्डर, फॅनचा थर्मो स्विच, कार्बवरचा सोलेनॉइड, गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. पाणी आणि गिअर ऑइल काढा, पेट्रोल पाइपच्या तोंडात बोल्ट ठोसून बंद करा. मिस्त्रीच्या तोंडात खर्रा असन तं चालते, बिडी नाही. ड्राइव्ह शाफ्ट काढा, सायलेन्सर, केबली, माउंटिंग सोडा आणि इंजिन गिअरबॉक्ससकट वर उचला. बोनेट आधीच काढून ठेवा आणि त्याच्या बिजागऱ्यांभोवती मार्करनं रेघ मारा, म्हणजे परत लावतानी फट सारखी येते.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, क्रँक आणि कॅमचे ऑइल सील, वॉटर पंप, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळे होज आणि रबर माउंटिंग नवीन टाका. इथं पैसे वाचवणारा भैताड आहे, कारण दोनशे रुपयाच्या सीलसाठी परत इंजिन उतरवा लागते.

आता वायरिंग. इंजिन बे (बोनेटखालची जागा) रिकामा असतो तेव्हाच हे काम होते, नंतर हात जात नाही. आधी सगळा फालतूपणा काढा, बाजारातून लावलेले फॉगलॅम्प, गाणं वाजवणारा रिव्हर्स हॉर्न, मेलेल्या सेंट्रल लॉकच्या वायरी. मंग हार्नेसवरची जुनी टेप सोला. जिथं दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप मारली आहे ती जागा हमखास सापडन, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, वरून इंजिनची गरमी, टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकून जाते आणि आतलं तांबं हिरवं पडलं असते. वायर वाकवून पहा, कडक लागली का इन्सुलेशन कडकड तुटलं तं तेवढा तुकडा पूर्ण बदला. जोड कमीत कमी ठेवा, आणि जी करा लागते तिला चांगल्या क्रिम्पिंग प्लायरनं दाबा आणि हीट श्रिंक चढवा. वायर ऑटोचीच घ्या, घरातली सिंगल तारवाली नाही, ती हादऱ्यानं आतल्या आत तुटते. सेन्सर-स्विचला ०.७५ स्क्वेअर एमएम पुरते, हेडलाइट आणि फॅनला २.५ टाका, अल्टरनेटरच्या मेनला ६. रंग बी सांभाळा, सुझुकीत साधारणपणे काळी म्हणजे अर्थ (निगेटिव्हची बाजू) आणि काळी-पांढरी म्हणजे चावीनंतरचा करंट, म्हणून काळ्या वायरीतून प्लस नेऊन पुढच्या माणसाला फसवू नका.

हेडलाइटला रिले लावा. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर, आणि तो सगळा करंट स्टिअरिंगखालच्या म्हाताऱ्या स्विचमधून जाते, म्हणून उजेड पिवळा पडते. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ नंबरमधून बल्ब, ८५-८६ नंबरवर जुन्या स्विचची लाइन. फक्त आधी टेस्ट लॅम्पनं तपासा की स्विच प्लस तोडते का अर्थ, काही जुन्या सुझुकी गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असते आणि मंग रिलेची जोडणी उलटी करा लागते. फ्यूज बॅटरीच्या जवळच पाह्यजे, वितभर अंतरात.

आणि अर्थ! इंजिन रबरावर बसलं असते, म्हणजे बॉडीशी त्याचा इलेक्ट्रिकल संबंध फक्त अर्थ स्ट्रॅपमधून येते. तो लावायचा राहिला तं स्टार्टरचा करंट क्लच नाही तं अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून रस्ता काढते, केबल तापते, धूर निघते आणि जाम होते, आणि लोक केबलवर केबल बदलत बसतात. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, स्ट्रॅप आवळा, वरून थोडं ग्रीस. नंतर मल्टिमीटरची एक पिन ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून सेल्फ मारा, ०.२-०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तं अर्थ कमजोर आहे.

वायरी फिरवतानी सायलेन्सर मॅनिफोल्डपासून दूर, फायरवॉलच्या भोकात रबर ग्रोमेट, वरून कंड्यूट पाइप. इंजिनकडं जाणाऱ्या वायरींना थोडी ढील ठेवा, इंजिन सेल्फ मारल्यावर हलते. बे चकाचक दिसावा म्हणून सगळं ताणून झिप टाय मारणाऱ्यांची वायर पहिले कनेक्टरपाशीच तुटते.

बॅटरी लावतानी डायरेक्ट टर्मिनल ठोकू नका. निगेटिव्ह आणि केबलच्या मधात २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब धरा, चावी बंद, दरवाजे बंद. बल्ब पूर्ण पेटला तं कुठंतरी शॉर्ट आहे, शोधा. नाही पेटला तं लावा टर्मिनल. ऑइल-पाणी भरा, कॉइलची वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, मंग वायर लावून स्टार्ट करा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२ आहे, मिसिंग आली तं कार्बला हात लावायच्या आधी प्लग वायरी पहा. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाह्यजे. हीटर फुल उघडून गरम हवा येईपर्यंत चालवा, म्हणजे पाण्यातली हवा निघते, आणि रेडिएटरचा फॅन स्वतःहून लागेपर्यंत गाडीपासून हलू नका.

पहिली चक्कर रिंग रोडवर मारा, गर्दीत नाही. घरी येऊन लगेच बोनेट उघडा आणि नवीन जोडांवर बोट ठेवून पहा, जी जोड आजूबाजूच्या वायरीपेक्षा गरम लागली ती उघडून परत करा. ५०० किलोमीटरला ऑइल बदला, माउंटिंगचे बोल्ट परत आवळा, बेल्टचं टेन्शन पहा. पावसाळ्यात उंदीर येतात, लोक तंबाखूची पानं ठेवतात इंजिनवर, ठेवा, पण कंड्यूटची तोंडं टेपनं बंद केली तं त्याच्यापेक्षा जास्त फायदा होते. आणि नवीन वायरिंगचा नकाशा कागदावर काढून, लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या खणात टाकून द्या, पुढचा इलेक्ट्रिशियन वायर कापायच्या आधी त्याच्या हातात तोच द्या.