एकाच इनपुटची एकच बाजू मुकी? आयसीला हात लावू नका

गणपती आठवड्यावर आले की ओळखीतल्या लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर येऊन बसतात. वर्षभर माळ्यावर असलेली सिस्टीम आरत्यांसाठी खाली काढली, आणि डावा स्पीकर बोलतच नाही. इंदूरचा पावसाळा आणि माळ्यावरची धूळ, दुसरं काय होणार!

आधी टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं नाही ना आणि बॅलन्सची खुंटी मध्यावर आहे ना, ते बघा. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. मुका स्पीकर बदलला तर केबल किंवा प्लेअर खराब. तोच मुका राहिला, तर तीच केबल दुसऱ्या इनपुटला लावून बघा. फोनोला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटला, मात्र नको. तिथे वेगळा प्रीअ‍ॅम्प (बारीक आवाज आधीच वाढवणारं सर्किट) असतो, आवाज फाटतो.

दुसऱ्या इनपुटवर दोन्ही स्पीकर वाजले? मग दोष जॅक (पिन खोचायचं मागचं भोक) आणि सिलेक्टर (इनपुट निवडायची खुंटी) यांच्यामधल्या काही इंचांत आहे. सगळ्याच इनपुटवर तो स्पीकर मुका असेल, तर स्पीकरची वायर, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा पुढचं सर्किट. तो वेगळा विषय.

मी फसलो ते इथेच. काकांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सची, म्हणजे जादा इनपुटची, डावी बाजू गेली होती, सीडीचं इनपुट मात्र वाजत होतं. बाजारातल्या एका कारागिराने झाकणही न उघडता निदान केलं, "भिया, आयसी गई." मी जेल रोडवरून ४५५८ नंबरचा आयसी (आवाज वाढवणारी चिप) आणला आणि आठ पाय काढताना बोर्डावरचं तांबं उखडलं. एवढं करून ऑक्स मुकाच. साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती: तो आयसी सिलेक्टरच्या पुढे बसतो, सगळ्या इनपुटना सामाईक. तो गेला असता तर सीडी तरी कशी वाजली असती?

आता उघडा. प्लग भिंतीतून काढलेला हवा, आणि वीज साठवणारे मोठे कपॅसिटर उतरले, म्हणजे रिकामे झाले, की नाही ते मीटरने मोजा. नुसतं "दहा मिनिटं थांबा" यावर माझा विश्वास नाही.

सिलेक्टर खटक्याचा असेल तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून २०-३० वेळा फिरवा. शिलाई मशीनचं तेल घालणाऱ्यांना माझा नमस्कार. दोन महिन्यांत त्याचा चिखल होतो. सिलेक्शन आयसीने किंवा रिलेने होत असेल तर या फवाऱ्याचा उपयोग नाही.

एवढ्यानेही जमलं नाही, तर बहुतेक वेळा जॅकच्या पायाचं सोल्डर तडकलेलं असतं. केबल ओढून-ओढून पायाभोवती केसाएवढी गोल फट पडते. भिंगातून, उजेड तिरका पाडून बघितलं तरच दिसते. माझी दुसरी चूक इथली. मीटरचा प्रोब थेट त्या पायावर टेकवला, बझर वाजला, आणि मी सांधा पास केला. प्रोबच्या दाबाने फट मिटत होती! म्हणून प्रोब पायावर नको, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर पुढे, सिलेक्टरच्या पायाशी ठेवा. दुसरा प्रोब जॅकमध्ये लावलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाच्या मधल्या पिनेला. आता जॅकमधली पिन हलवा. वाटेत रेझिस्टर असला तर बझर वाजणार नाही, तेव्हा ओहम मोजा आणि चांगल्या बाजूशी ताडून बघा. आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला. बाहेरच्या कड्याचा, म्हणजे ग्राउंडचा, पायही तसाच तपासा.

जुन्या सोल्डरवर नवीन थापू नका. विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जुनं उचला, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा, ताजं सोल्डर द्या, तीन-चार सेकंदांत सोल्डरिंगची इस्त्री बाजूला. ग्राउंडचा पाय तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला असतो, उष्णता पिऊन टाकतो. तिथे २५ वॅटची इस्त्री रडते. डाग देताना जॅकमध्ये एक जुनी पिन खोचून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी मधला भाग तिरका होत नाही.

झाकण लावा, आवाज शून्यावर ठेवून सुरू करा, हळूहळू वाढवा.

अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपासून चार बोटं पुढे राहू द्या, नाहीतर पिना दबून तोच सांधा पुन्हा तुटतो. काकांचा मी पुढे ओढून ठेवला होता. काकूंनी झाडताना परत भिंतीला टेकवला.