जुन्या बुलेटचा जाम नट: या चुका टाळा

पावसाळा सरला की जुन्या बुलेट बाहेर निघतात आणि महिन्याभरात माझ्या पडवीत एक तरी गाडी अशी येते, जिचा नट गंजाने नाही तर माणसाने घालवलेला असतो. नुसता गंजलेला नट बहुतेक वेळा सुटतो. पन्नास-पन्नास वर्षं न हललेले नट मी या हातांनी सोडवलेत. पण कोपरे मेलेला, छिन्नीने सोललेला नट समोर आला की पोटात कालवतं, कारण गाडी आजवर धडपणे टिकलेली असते आणि ती एका दुपारच्या घाईत जाते.

सगळ्यात जास्त नट मारतो तो मिलिमीटरचा पाना. मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया सुरू झाली ती इंग्लंडातल्या रेडिचच्या आराखड्यांवर. त्यामुळे जुन्या बुलेटचे नट-बोल्ट ब्रिटिश मापांचे. ५/१६ बीएसएफ (बारीक आट्यांचं ब्रिटिश माप) नटाच्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच असतं, म्हणजे साधारण १३.३ मिमी. तुमच्या डब्यातला १३ चा पाना त्यावर चढत नाही आणि १४ चा डुलतो. मग सगळे १४ चाच लावतात. लावून बोटाने हलवून बघा, पाना नटावर टकटक वाजतो. असा पाना नटाच्या सपाट बाजू धरत नाही, फक्त कोपरे ढकलतो. पहिल्याच झटक्यात कोपऱ्यावर चंद्रकोरीसारखी चकाकी उमटते. ती दिसली की हात मागे घ्या. तिसऱ्या झटक्याला नट गोल झालेला असतो, आणि मग चिमटा पाना, मग छिन्नी, मग वेल्डिंगवाला.

मापाचा पाना शोधा. १/४ व्हिटवर्थ (जाड आट्यांचं जुनं ब्रिटिश माप) आणि ५/१६ बीएस (म्हणजे बीएसएफच) अशी दोन्ही मापं एकाच तोंडावर कोरलेले जुने पाने मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, दोनच, पण तेवढ्यावर अर्धी गाडी उघडते. चेहरा बघून घेऊ नका, तोंड पसरलेलं नाही ना ते व्हर्नियर (जाडी-रुंदी मोजायचं हत्यार) लावून बघा. शक्यतो रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची गोटी नव्या नटाला चालते, झिजलेल्या नटावरून ती घसरते.

इथेच आणखी एक गोष्ट. कधी कधी नट गंजलेलाच नसतो, आधीच्या कुणीतरी तो कोंबलेला असतो. ५/१६ चा स्टड (डोकं नसलेला, गाडीत रोवलेला बोल्ट) ७.९४ मिमी जाडीचा, त्यामुळे ८ मिमीचा नट त्यावर एक-दोन फेरे आरामात जातो. पण बीएसएफला इंचाला २२ आटे, आणि साध्या ८ मिमी नटाचा आटा १.२५ मिमीचा, म्हणजे इंचाला वीसच्या जरा वर. आट्याचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन फेऱ्यांनंतर तो अडतो, आणि हा गडी पाना लावून आवळतो. असा नट तेल पाजून सैल होत नाही. तो कापायचाच, स्टड वाचवायचा.

आता दुसरी चूक, जिच्यावर मी चिडतो. नट कुठल्या बाजूला सुटतो हे न बघता पान्याला पाइप लावणं.

चार वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक मुलगा आजोबांची बुलेट टेम्पोत घालून घेऊन आला. गाडी आजोबांच्या पहिल्या पगारवाढीची, त्यामुळे घरात तिला फार मान. ऑइल पंप बघायचा म्हणून त्याने टायमिंगचं कव्हर उघडलं होतं. मला म्हणाला, "काका, आतला नट जाम झालाय. दोन फुटी पाइप लावून दोघांनी ओढला, तरी हलेना. मग एकदम सैल पडला." 'एकदम सैल पडला' ऐकलं तेव्हाच मला कळलं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला ऑइल पंप फिरवणारा जो वर्म (स्क्रूसारख्या दात्यांचा भाग) असतो, तोच टायमिंग पिनियनचा (झडपांची वेळ साधणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) नट, आणि त्याला उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला तर सुटतो. या दोघांनी नेहमीच्या दिशेने, म्हणजे आवळायच्या दिशेने, सगळा जीव लावला होता. वर्म बाहेर काढला तर त्याच्या पोटात शाफ्टचे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळून आले. मग अख्खं इंजिन उतरवलं, क्रँक बाहेर काढून फ्लायव्हील प्रेसवर वेगळी केली, नवा शाफ्ट बसवला, लेथवर डायल लावून सरळ केली. आजोबा तीन वेळा येऊन गेले, काही न बोलता बसायचे आणि जायचे. मला त्या मुलाला रागवायचं होतं, पण त्यांच्यासमोर जमलं नाही.

नट अजिबात हलत नसेल तर जोर वाढवायच्या आधी पार्ट्स बुक किंवा मॅन्युअल उघडा. तेवढंही होत नसेल तर एखाद्या जुन्या मेस्त्रीला फोन करा. मी उलट्या आट्यांच्या प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका देऊन ठेवतो.

तेलाबद्दल थोडक्यात. डब्ल्यूडी-४० हे नावच पाणी हटवायच्या फॉर्म्युल्याच्या चाळिसाव्या प्रयत्नावरून पडलेलं आहे. ओल काढायला मी ते वापरतो. जुन्या गंजासाठी माझा भरवसा अर्धं रॉकेल आणि अर्धं पातळ ऑइल यावर. आधी तारेच्या ब्रशने आटे उघडे करायचे, मग सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, आणि प्रत्येक वेळी नटाच्या माथ्यावर छोट्या हातोडीने पाच-सहा हलके ठोके. असे तीन दिवस. फवारा मारून पाचव्या मिनिटाला पाना लावणाऱ्यांनी तेलाचे पैसे वाचवावेत.

तेलानेही नट हलला नाही तर ज्योतीने आच द्यायची. आच देताना टाकी उतरवलेली हवी, कार्बोरेटर काढलेला हवा आणि रॉकेल पुसून वाळलेलं हवं. यात सूट नाही. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम सांगत नाही. रंग न बदलता ते ढासळतं, म्हणून केसिंगवर ज्योत एका जागी धरू नका. नट तापला की मी त्याला मेणबत्ती टेकवतो. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. थंड होऊ द्यायचं आणि मग पाना.

स्टड तुटला तर ईझी-आउट (तुटका बोल्ट भोक पाडून बाहेर ओढायचं हत्यार) पहिल्या झटक्याला वापरू नका, तो आत मोडला तर ड्रिलही चालत नाही.

छिन्नी डब्यातच राहू द्या.

सोडवताना आधी नट किंचित आवळायचा, केसभर. कर्र असा कोरडा आवाज येतो, गंजाची पकड तुटल्याचा. मग उलटा पाव फेरा, पुन्हा थोडा मागे, दोन थेंब तेल, पुन्हा पाव फेरा. पाना गरम लागायला लागला तर थांबून चहा घ्यायचा. परवाच एका सायलेन्सरच्या नटाला असे चाळीस मिनिटं लागले, आणि तो अख्खा, सहाही कोपऱ्यांसकट, माझ्या तळहातावर आला.