बाल्डर्स गेट ३ : विलला शेवटपर्यंत सोबत कसं न्यायचं

लारियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) या व्हिडिओ गेममध्ये विल रेव्हनगार्ड हा सोबती अगदी सुरुवातीला, एमराल्ड ग्रोव्ह या ड्रुइडांच्या वनवस्तीच्या दाराशी झालेल्या लढाईनंतर भेटतो. आत एका टीफ्लिंग (शिंगं असलेल्या वंशातल्या) मुलाला तो तलवारीचे हात शिकवत असतो. बोलायला सज्जन, दुबळ्यांच्या बाजूनं उभा राहणारा. म्हणूनच बरेच खेळाडू त्याला ‘साधा’ समजून कॅम्पात बसवतात आणि तिथंच त्याची कथा मरते. विलची तत्त्वं चार-पाच ठिकाणी पणाला लागतात. त्या प्रत्येक ठिकाणी तो पार्टीत, म्हणजे सोबत फिरणाऱ्या चौघांत हवा. (पुढं कथेचे सगळे धागे उघड केले आहेत.)

आधी त्याची घडण. विल हा वॉरलॉक, म्हणजे करारातून जादू मिळवणारा; त्याचा करार फीन्डशी, नरकातल्या शक्तीशी. कॅरिस्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) हा गुण त्याचा कणा. लेव्हल २ ला इन्व्होकेशन (वॉरलॉकच्या खास क्षमता) निवडताना अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट आणि रिपेलिंग ब्लास्ट घ्या. पहिल्यानं एल्ड्रिच ब्लास्ट या त्याच्या नेहमीच्या मंत्राच्या प्रत्येक किरणाला कॅरिस्माची भर मिळते, दुसऱ्यानं शत्रू मागं ढकलला जातो, आणि कडा जवळ असेल तर थेट खाली. लेव्हल ५ ला दोन किरण, १० ला तीन. शत्रूवर हेक्स हा शाप लावला की प्रत्येक लागलेल्या किरणावर आणखी १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाइतकं) नुकसान. त्याचे स्पेल स्लॉट (मंत्र वापरायच्या संधी) शॉर्ट रेस्टमध्येच, म्हणजे छोट्या विश्रांतीतच परत येतात, म्हणून ते जपून ठेवू नका, प्रत्येक लढाईत वापरून टाका. चुकीचं काही घेतलं गेलं असेल तर कॅम्पातला विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत सगळं नव्यानं मांडून देतो.

विलची मान्यता मिळवणं अवघड नाही. ग्रोव्हमधल्या कागा या ड्रुइडच्या तावडीतून आराबेला या टीफ्लिंग मुलीला सोडवा, टीफ्लिंगांना मदत करायचा शब्द द्या आणि तो पाळा. एकच गोष्ट परत फिरवता येत नाही : गॉब्लिनांची म्होरकी मिंथारा हिच्या बाजूनं ग्रोव्हवर हल्ला केलात तर विल कायमचा निघून जातो. कार्लाक ही दुसरी सोबतीही जाते.

वॉकीन्स रेस्ट या जळत्या सराईत विलला घेऊनच जा. वरच्या मजल्यावर कौन्सेलर फ्लोरिक अडकलेली असते. तिथं पोचल्यावर ‘आधी झोपून येऊ’ म्हणून लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की ती वाचत नाही, आणि ग्रँड ड्यूक अल्डर रेव्हनगार्डना मूनराइज टॉवर्स या शत्रूच्या गडाकडं नेलंय ही बातमी तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. ड्यूक म्हणजे विलचे वडील. ही बातमी ऐकताना मुलगा शेजारी उभा असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

मग कार्लाक. ती भेटते रायझन रोडजवळ, नदीकाठी. विल तिला मारायच्या शपथेनं निघालेला असतो, कारण त्याच्या करारातली मालकीण मिझोरानं तिला राक्षस म्हणून सांगितलेलं असतं. टोलनाक्यातले अँडर्सचे ‘टिरचे पॅलाडिन’ही (टिर देवाचे शपथबद्ध योद्धे म्हणवणारे) तेच सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. संवादात विलला थांबवा. त्या बदल्यात रात्री मिझोरा कॅम्पात येते आणि त्याला शिंगं फुटतात. शिंगं दिसली की काही जण घाबरून जुना सेव्ह उघडतात. गरज नाही, हे फक्त रूप आहे, ताकद तशीच राहते. कार्लाकला मारलं तर इन्फर्नल रोब मिळतो, पण त्या एका झग्यासाठी विलचा शब्द आणि पार्टीतली सर्वांत भक्कम बार्बेरियन योद्धी, दोन्ही जातात. मला हा सौदा कधीच पटलेला नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक दुसऱ्या अंकात होते. मूनराइजच्या खालच्या, माइंड फ्लेयर नावाच्या मेंदू खाणाऱ्या प्राण्यांच्या कॉलनीत मिझोरा एका पॉडमध्ये कैद असते. तिच्यावर राग असतोच, आणि समोरच्या यंत्रात तिला संपवायचा पर्यायही असतो. तो निवडू नका. करारामुळं मिझोरा गेली की विलही गेला, आणि तिला तिथंच सोडून पुढं गेलात तरी तेच. यंत्राला हात लावण्याआधी क्विकसेव्ह करा आणि तिला मोकळं करणारा पर्याय निवडा. ती इन्फर्नल रेपियर ही तलवार देते. त्यातून कॅम्बियन हा सैतानी योद्धा बोलावता येतो, म्हणजे या अंकातला मुख्य शत्रू केथेरिक याच्या शेवटच्या लढाईत एक जास्तीचा हात.

तिसऱ्या अंकात मिझोरा कॅम्पात पेच टाकते : करार आत्ताच मोडायचा आणि वडिलांवर पाणी सोडायचं, की कायमचं बांधलं जाऊन त्यांना वाचवायचं. इथं करार मोडायचा सल्ला बिनधास्त द्या. करार मोडल्यावर वॉरलॉकची ताकद जात नाही, आणि ड्यूकना तुम्ही स्वतः सोडवू शकता.

ते आयर्न थ्रोन या पाण्याखालच्या तुरुंगात असतात. फ्लिम कार्गो या ठिकाणाहून रेडहॅमर नावाचा माणूस पाणबुडीतून नेतो. खाली पोचताच राउंड (लढाईच्या फेऱ्या) मोजले जायला लागतात, स्फोट होतात, पाणी भरतं. तयारी अशी करा : निघण्याआधी लाँग रेस्ट, चौघांवरही लाँगस्ट्रायडर, जमेल त्याला हेस्ट (दोन्ही वेग वाढवणारे मंत्र). चौघं चार दिशांना पाठवा. साहुआगिन या मत्स्यमानवांशी लढत बसू नका. लढाईत गेलेला प्रत्येक राउंड म्हणजे आत राहिलेला एक कैदी. लिव्हर ओढून दार उघडलं की बाकीचे कैदी स्वतः शिडीकडं पळतात.

ड्यूकच्या कोठडीकडं विललाच पाठवा. लेव्हल ७ पासून वॉरलॉकला डायमेन्शन डोअर हा क्षणात दुसरीकडं नेणारा मंत्र घेता येतो आणि त्यात शेजारचा एक माणूस सोबत नेता येतो. तिथं फुटणारे कोळी अंगावर येतात, म्हणून दार उघडायचं काम दुसऱ्याकडून करून घ्या. विलची पूर्ण अ‍ॅक्शन राखून ठेवा, वडिलांच्या अगदी शेजारी उभं करा आणि थेट शिडीजवळ उडी घ्या.

कॅम्पात परतल्यावर ड्यूकशी बोला. ते अन्सर ड्रॅगनबद्दल सांगतात. तो वर्म्स रॉक या किल्ल्याच्या खाली, चार परीक्षांच्या दालनांपलीकडं आहे. त्या लढाईत अन्सर वीज गोळा करायला लागला की हल्ला सोडा आणि चौघांनाही त्याच्या नजरेआड, खडकांमागं न्या.