स्वस्तातला डॅडो संच घेताना या चुका टाळा

पुस्तकांच्या कपाटातला आडवा कप्पा पक्का बसावा म्हणून उभ्या फळीत जी आडवी खोबण पाडतात, तिला अमेरिकेतल्या सुतारकामात डॅडो म्हणतात. टेबल सॉवर, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पाते वर येणाऱ्या करवतीच्या यंत्रावर, ही खोबण एकाच फेरीत पाडण्यासाठी पात्यांचा जो जुडगा मिळतो, तो डॅडो संच. त्यात बाहेरच्या दोन बाजूंना दोन गोल पाती असतात, त्यांच्या मधे मधले लाकूड काढणारे दोन किंवा चार दातांचे चिपर बसतात आणि रुंदी बारकाईने जुळवण्यासाठी कागदासारख्या पातळ चकत्या येतात. अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा संच घरच्या कामाला पुरतो आणि तीनशेच्या पुढचा संच रोज कपाटे बनवणाऱ्याला परवडतो. ज्यांचे शंभर डॉलर वाया गेलेले मी पाहिले आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पात्याचे दात मोजले होते, पण आपल्या यंत्राचा आर्बर, म्हणजे पाती ज्यावर चढतात तो आट्यांचा दांडा, मोजला नव्हता.

आर्बर न बघता केलेली खरेदी

त्यांत मीही आहे. माझा पहिला संच ८ इंची होता आणि सवलतीत मिळाला होता. गॅरेजमध्ये उत्साहाने सगळे चिपर चढवले, नट फिरवायला घेतला आणि तो जेमतेम दोन आट्यांवर येऊन थांबला. हाताने ओढून पाहिला तर घट्ट वाटत होता, आणि धोका नेमका तिथेच असतो, कारण मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेणारे हे वजन दोन आट्यांच्या भरवशावर सोडता येत नाही. नटाचे सगळे आटे आर्बरवर चढले पाहिजेत आणि आर्बरचे टोक नटातून किंचित बाहेर डोकावले पाहिजे, एवढी एकच खूण धरावी. रुंद जुडगा बसावा म्हणून बाहेरचा वॉशर काढण्याची मुभा काही यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती नसेल तर वॉशर काढू नये, जुडगाच अरुंद करावा.

संच मागवण्यापूर्वी माहितीपुस्तिकेत दोन आकडे शोधावेत, जास्तीत जास्त व्यास आणि जास्तीत जास्त रुंदी. उदाहरणार्थ, डीवॉल्टच्या डीडब्ल्यूई ७४९१ या यंत्रावर ८ इंच व्यासाचा आणि १३/१६ इंच, म्हणजे साधारण २०.६ मिलिमीटर रुंदीचा संच चालतो. त्याच कंपनीच्या डीडब्ल्यूई ७४८५ या लहान भावंडावर डॅडो चालतच नाही. दुकानात ही दोन्ही यंत्रे शेजारी ठेवलेली असली तर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. ज्यांच्याकडे सॉस्टॉप, म्हणजे बोट लागताच पाते थांबवणारा टेबल सॉ आहे, त्यांना डॅडोसाठी वेगळे ब्रेक कार्ट्रिज (पाते अडवणारा बदलता भाग) घ्यावे लागते, तेव्हा त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

भारतात किंवा युरोपात राहणाऱ्यांनी अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानात हा संच मागवण्याचा मोह आवरावा. अमेरिकी संचाचे मधले भोक ५/८ इंच, म्हणजे १५.८८ मिलिमीटर असते, तर आपल्याकडच्या यंत्रांचे आर्बर बहुधा २५.४ किंवा ३० मिलिमीटरचे असतात. पाते लेथवर देऊन भोक वाढवून घेणारे भेटतात, परंतु ते भोक केसभर जरी मध्यापासून सरकले तरी पाते लंगडत फिरते. युरोपसाठी बनवलेल्या यंत्रांचा आर्बर तर बहुतेक वेळा एका पात्यापुरताच लांब असतो. प्लायच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बांधून ज्यांनी टेबल सॉ तयार केला आहे, त्यांनी या वाटेलाच जाऊ नये. ते यंत्र मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते आणि ८ इंची डॅडो संचावर छापलेली वेगमर्यादा साधारण सात हजारांची असते. अशांसाठी राउटर, म्हणजे खोबणी कोरणारे हातयंत्र, आणि त्यात बसणारा सरळ बिट हाच योग्य मार्ग आहे, आणि तो स्वस्तही पडतो.

मोठा व्यास म्हणजे अधिक चांगला, हा समज

८ इंची संच घेण्यामागे बहुतेकांचे कारण एवढेच असते की तो ६ इंचीपेक्षा मोठा आहे. गरज किती, ते मोजून पाहावे. १० इंची पाते टेबलाच्या वर साधारण ७९ मिलिमीटर येत असेल, तर ६ इंची पात्याची त्रिज्या २ इंचांनी, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटरने कमी असल्यामुळे ते २८ मिलिमीटर वर येईल. कपाटाच्या फळीत खोबण पाडायची ती फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये जेमतेम ६ मिलिमीटर. त्या मानाने २८ मिलिमीटर भरपूर झाले. लहान जुडगा हलका असतो, दीड अश्वशक्तीच्या मोटरला तो ओढणे सोपे जाते आणि किंमतही कमी असते. जाड लाकडात खोल सांधे करणाऱ्याने ८ इंची घ्यावा. सॉस्टॉपवाल्यांना मात्र ही निवडच उरत नाही, कारण त्याचे डॅडो कार्ट्रिज ८ इंची संचासाठीच असते.

सगळ्यांत स्वस्त मिळते ते डगमगते पाते. हे एकच पाते तिरके बसवले जाते आणि डोलत फिरून रुंद खोबण पाडते. ती खोबण तळाशी किंचित गोलाकार होते, त्यामुळे जी खोबण झाकली जाणार नाही तिथे हे पाते नको. दातांच्या बाबतीत माझे मत असे की प्लाय आणि सनमायका लावलेल्या फळ्यांसाठी बाहेरच्या पात्यांना २४ किंवा त्याहून अधिक दात असावेत. फक्त भरीव लाकडात काम करणाऱ्याला १२ दातांचा संचही चालतो.

खोबण सैल किंवा घट्ट होते तेव्हा

दोष संचाचा नसून प्लायवर छापलेल्या आकड्याचा असतो. अमेरिकेत ज्याला पाऊण इंची प्लाय म्हणतात, ती बऱ्याचदा २३/३२ इंच भरते आणि आपल्याकडची १८ मिलिमीटरची प्लाय व्हर्नियरने मोजली तर साडेसतराच्या आसपासही निघते. त्यावर दोन्ही बाजूंनी सनमायका चढला की आकडा पुन्हा बदलतो. म्हणून आधी मोजावे, मग जुडगा रचावा.

समजा प्लाय १७.६ मिलिमीटर भरली. बाहेरची दोन पाती प्रत्येकी १/८ इंचाची, म्हणून ती मिळून ६.३५ मिलिमीटर झाली. १/८ इंचाचे तीन चिपर म्हणजे आणखी ९.५३ आणि १/१६ इंचाचा एक चिपर म्हणजे १.५९, बेरीज १७.४७. आता पाव मिलिमीटरच्या आसपास चकत्या घातल्या की खोबण १७.७ होते आणि फळी हाताच्या दाबाने आत सरकते. या चकत्या एकाच जागी न घालता वेगवेगळ्या चिपरांमध्ये वाटून घालाव्यात. एकाच जागी जाड थर झाला तर शेजारचे दोन चिपर एकमेकांपासून लांब जातात आणि खोबणीच्या तळाशी लाकडाची बारीक रेघ उभी राहते. घाईत आणखी एक घोटाळा होतो. पातळ चकती आर्बरच्या आट्यात अडकते, नट आवळताना दुमडते आणि सगळा जुडगा तिरका बसतो. पाती चढवल्यावर प्रत्येक चकती बोटाने हलवून पाहावी. ती मोकळी फिरली तरच नट आवळावा.

खडखडाट, फुटलेल्या कडा आणि असमान तळ

यंत्र सुरू करताच थरथर जाणवली तर लगेच बंद करावे आणि वीजजोडणी काढून चिपर पाहावेत. चिपरचे दात बाहेरच्या पात्याच्या दोन दातांमधल्या पोकळीत बसले पाहिजेत. ते दाताला टेकले तर नट आवळतानाच दातावरच्या कठीण कार्बाइडचा टवका उडू शकतो. चिपर एकमेकांवर न ठेवता घड्याळाच्या काट्यांसारखे चहूकडे पसरून ठेवावेत, म्हणजे वजन समतोल राहते.

प्लायची वरची पातळ साल आडवी कापताना कडा फुटतात, हा सर्वांत जास्त ऐकू येणारा तक्रारीचा मुद्दा आहे आणि त्याचे खापर लगेच स्वस्त संचावर फुटते. संच बदलण्याआधी कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून पाहावी, टेबलातली मोठ्या फटीची पट्टी काढून जुडग्याच्या रुंदीइतकीच फट असलेली लाकडी पट्टी घालावी आणि फळीच्या मागच्या टोकाला एक टाकाऊ तुकडा टेकवावा. एवढ्यावर निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. खोबणीच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत किंचित खोल रेघा दिसतात, त्या मात्र दातांच्या टोकदार घडणीमुळे येतात. फळी बसली की त्या दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी महागडा संच घेणे मला पटत नाही.

खोबण मधेच उथळ होत असेल तर फळी वाकलेली आहे आणि ती टेबलावरून उचलली जात आहे, असे समजावे. फेदरबोर्ड (फळी दाबून धरणारी दातेरी पट्टी) आणि पुश ब्लॉकने (फळी ढकलायच्या मुठीच्या ठोकळ्याने) ती बरोबर पात्यावर दाबून धरावी. डॅडोच्या वेळी पात्यावरचे कवच आणि पात्यामागची पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, दोन्ही काढावे लागतात, त्यामुळे हात पात्यापासून दूर ठेवणारी ही साधने ऐच्छिक राहत नाहीत. काम झाल्यावर दोन्ही परत बसवावीत आणि डॅडो संचाने फळी आरपार कधीही कापू नये.

जमलेली रचना कागदावर टिपून मी संचाच्या पेटीच्या झाकणावर चिकटवतो: कोणते चिपर, कोणत्या चकत्या, कुठल्या जागी. खाली त्या प्लायची व्हर्नियरने मोजलेली जाडीही लिहितो, कारण पुढच्या खरेदीत त्याच दुकानातली तीच प्लाय तितक्याच जाडीची निघेल, याची खात्री नसते.