एकच डाव, आठवडाभर

बेळगावातून कोल्हापूर नाहीतर हुबळीच्या बुद्धिबळ स्पर्धेला निघालेली पोरं पहाटेच्या बसमध्ये ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, खेळ्या घोकत बसतात. समोरच्यानं पाचवी खेळी वेगळी केली की घोकंपट्टी तिथंच संपली. त्यापेक्षा एक डाव घ्या आणि आठवडाभर त्यालाच चिकटून बसा.

सुरुवातीला १८५८ चा पॅरिसचा डाव घ्यावा. ऑपेरा चालू असताना अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी पांढऱ्या मोहऱ्यांनी दोन सरदारांविरुद्ध खेळला, १७ खेळ्यांत मात.

पट मांडा, मोबाइल बाजूला ठेवा आणि खेळ्या हातानं वहीत उतरवा. शेजारचा कन्नड शाळेतला मुलगा घोड्याला ‘कुदुरे’ म्हणतो, पण पटावरचं एफ३ हे घर दोघांच्याही वहीत एफ३च.

ई४ ई५, घोडा एफ३, डी६ (मोहऱ्याचं नाव नसेल तिथं प्यादं). ही फिलिडॉर नावाची ओपनिंग. (जिच्या नावाची ती, तो फिलिडॉर स्वतः ऑपेरांना संगीत द्यायचा, म्हणजे जागा चांगलीच जुळली!) मग डी४, आणि काळ्याचा उंट जी४ वर.

इथं थांबा. पुढची खेळी कागदानं झाका, स्वतःची लिहा, मगच बघा. मॉर्फीनं ई५ चं प्यादं मारलं. काळ्यानं लगेच डी६ च्या प्याद्यानं का नाही मारलं? मारून बघा. वजिरावजिरी होते, राजालाच वजीर मारावा लागतो, मागं वजीर न उरल्यानं एफ३ चा घोडा मोकळा होतो आणि ई५ चं प्यादं फुकट खातो. वर जी४ चा उंट आणि एफ७ दोन्हींवर त्याची नजर. म्हणून काळ्याला आधी उंट देऊन घोडा मारावा लागला. हे एवढं कळायला अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

नवव्या खेळीला पांढऱ्यानं उंट जी५ वर आणला की मोजा: पांढऱ्याचे चार मोहरे बाहेर, काळ्याचे दोनच. त्यातही वजीर ई७ वर, आपल्याच उंटाची वाट अडवून. एफ८ चा तो उंट आणि एच८ चा हत्ती शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. मग दहाव्या खेळीला मॉर्फीनं घोडा का दिला, ते सांगावं लागत नाही. सोळाव्याला त्यानं वजीरही दिला.

इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्राम, सगळ्यात शेवटी लावा.

रविवारी तीच ओपनिंग मित्राबरोबर दोन्ही रंगांनी खेळा. काळ्याकडून तिसऱ्या खेळीला उंट न काढता डी४ चं प्यादं मारून बघा.